ओहोटीचा पट्टा आणि उपग्रहाचं घड्याळ

डहाणू-तलासरीचा किनारा आकाशातून टिपला जातोय, त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. १९७२ साली अमेरिकेचा पहिला लॅण्डसॅट झेपावला, तेव्हा त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८० मीटर. मार्च १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए गेला आणि किनारा पाहायला आपल्याकडेही स्वतःचा डोळा आला. पुढे १९९१ हे वर्ष महत्त्वाचं. फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि जूनमध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. भरतीची रेषा तेव्हापासून कायद्याची रेषा झाली. कुठे बांधायचं, कुठे नाही, हे तिच्यापासून मोजलं जाऊ लागलं. माझं म्हणणं असं की, या सगळ्या काळात आपण उपग्रहाकडे चुकीची गोष्ट मागत आलो. आपण रेषा मागितली, आणि या किनाऱ्याला रेषा नाही, पट्टा आहे.

खंबातच्या आखाताकडे सरकावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. डहाणूला उधाणाच्या दिवसांत ती पाच मीटरच्या आसपास जाते. शंभर मीटरला एक मीटर एवढाच उतार धरला, तरी पाणी अर्धा किलोमीटर आत-बाहेर करतं. वाढवणचा शंखोदरचा खडकाळ पट्टा, बोर्डीची सपाट वाळू, झाईचा किनारा, कालवं-शिंपले वेचणाऱ्या बायकांची जागा, हे सगळं त्या अर्ध्या किलोमीटरच्या हिशेबात येतं. आता घड्याळ पाहा. किनाऱ्याच्या नकाशांसाठी वापरली जाणारी प्रकाशचित्रं घेणारे बहुतेक उपग्रह सूर्याशी वेळ जुळवून फिरतात, म्हणजे आपल्यावरून सकाळी साधारण साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यानच जातात. आणि अमावास्या-पौर्णिमेची भरती इथे येते भर दुपारी. तिची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. मांगेला मच्छीमाराला हे शिकवावं लागत नाही. परिणाम असा की उधाणाच्या ओहोटीचा तळ, जेव्हा पट्टा सर्वांत जास्त उघडा पडतो, तो या उपग्रहांना जवळपास कधीच दिसत नाही. चित्रं कितीही साठवा, ती वेळ त्यांत नाही.

यावर अभ्यासक म्हणतील, चित्रं पुष्कळ घेतली की भरतीमुळे येणारी चूक सरासरीत विरते. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा देशभरचा आढावा घेतला, त्यात मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग झिजतोय असं निघालं. असे आढावे मोलाचेच आहेत, आणि हा आक्षेप अर्धा मला मान्य आहे. चूक नेहमी एकाच बाजूला असेल, तर किनारा पुढे सरकतोय की मागे, हे तरीही कळतं. पण आज पट्टा नेमका कुठवर आहे, हे कळत नाही. सरासरीने विरते ती इकडे-तिकडे विखुरलेली चूक. घड्याळाने बांधलेली चूक विरत नाही.

खोलीच्या बाबतीत तर उपग्रहाची मजल आणखी तोकडी. १९९७ साली स्मिथ आणि सँडवेल या संशोधकांनी समुद्राच्या पृष्ठभागाच्या उंचसखलपणावरून जगाच्या तळाचा नकाशा काढला. पाण्याखालचा डोंगर आपल्या गुरुत्वाने पाणी किंचित वर ओढतो, त्याचा तो हिशेब. खोल समुद्रात तो जमतो; आपल्या रुंद, उथळ, गाळाने भरलेल्या खंडमंचावर तळाच्या बारीक खाणाखुणा त्यात उमटत नाहीत. २०१८ चा आइससॅट-२ उपग्रह हिरव्या लेसरने तळ चाचपतो, आणि निवळ पाण्यात ४० मीटरपर्यंत पोचतोही. खंबातच्या गाळाने गढूळलेल्या पाण्यात त्याची किरणं वरच्या वर अडखळतात. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराचा सगळा युक्तिवाद किनाऱ्याजवळच्या सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोलीवर उभा आहे. ती बोटीवरच्या ध्वनियंत्रानेच मोजावी लागते. पूर्वी शिशाचा गोळा सोडून वाव मोजत, त्याचंच हे आजचं रूप.

मग उपग्रह सोडून द्यायचा का? उलट. बोटीची मोजणी होते तेव्हाचीच असते, आणि इथे बंदराआधीची स्थिती पुन्हा मोजता येणार नाही. ज्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं, त्यानेच २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. योजनेत १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटरची लाटरोधक भिंत आहे. एवढ्या बांधकामानंतर गाळ कुठे बसला आणि वाळू कुठून गेली, याचा वाद होणारच. त्या वादात कामी येईल असं एक साधन आधीच फिरतंय. २०१४ पासूनचे युरोपचे सेंटिनेल-१, आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार, हे रडारवाले उपग्रह पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास जातात, म्हणजे उधाणाची ओहोटी लागलेली असते त्याच सुमाराला. पावसाळी ढगही त्यांना आडवे येत नाहीत. रडारला ओली वाळू आणि शांत पाणी सहज वेगळं ओळखता येत नाही, हे खरं; त्यासाठी ओहोटीला पट्ट्यात उतरून ठिकठिकाणी खातरजमा करावी लागेल, आणि ती करायला पट्ट्यात रोज उतरणारी माणसं झाईपासून वाढवणपर्यंत आहेत. सेंटिनेलची बंदराआधीची दहा वर्षांची चित्रं विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतून २०२४ च्या आधीचा ओहोटीचा पट्टा आखून तो भरतीरेषेच्या शेजारी नकाशावर छापायला नव्या उपग्रहाची गरज नाही.