गोठ्याशेजारची पद्मिनी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गटाच्या बैठकीत मला बऱ्याच जणींनी विचारलं, "आबांची ती बंद गाडी तूच चालू केलीस म्हणे? कशी गं?" आज तेच सांगते. आधीच कबूल करते, सुरुवातीला मला चौदाचा पाना आणि सतराचा पाना यांतला फरकही कळत नव्हता.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. मूळची ही इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली. पुढे १९७४च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी तुम्हाला आठवत असतील, तीच ही गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं साधं इंजिन. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. म्हणूनच माझ्यासारखीला ते जमलं.

आबा म्हणजे माझे सासरे. गावात रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या की आबांच्या दाराची कडी वाजायची. माझा धाकटा झाला त्या पावसाच्या रात्री मीही याच गाडीतून तालुक्याला गेले होते. आबा गेले आणि गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं उभी राहिली. वर कोंबड्या बसायच्या, आत उंदीर. एक दिवस भंगारवाला आला, भाव ठरत आला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून आत गेल्या. ते बघून मी यांना म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा. नाही झाली चालू, तर द्या भंगारात."

आता माझी पहिली चूक ऐका, कारण हीच चूक सगळे करतात. मी शेजारून ट्रॅक्टरची बॅटरी आणली, जोडली आणि किल्ली फिरवली. इंजिन हललं नाही, पण डॅशबोर्डाखालून धूर आला. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, त्या एकमेकींना चिकटून तापल्या. बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून शेजारचा कडबा वाचला. नाहीतर गाडीबरोबर गोठाही गेला असता.

तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्रीकाका आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, आठ वर्षं झोपलेल्या माणसाला कुणी एकदम पळायला लावतं का? किल्ली काढून आत्याबाईंकडे द्या. मी सांगेन तेव्हाच घ्या."

मग कामाचा क्रम ठरला.

पहिलं काम, नुसतं बघायचं. बॅटरी काढून ठेवली. सीटखाली हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहिलं. उंदीर असतील तिथे साप असू शकतो. कुरतडलेली प्रत्येक वायर वहीत लिहिली आणि तेवढ्या वायरी बदलून घेतल्या. गाडी वर उचलली तेव्हा जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचं नाही हे ठरलेलं होतं. जॅक सरकतो. चाकांना दगड लावले आणि गाडीखाली जाड लाकडी ओंडके दिले.

दुसरं काम, इंजिन हाताने फिरवायचं. आतला दट्टा, म्हणजे पिस्टन, गंजून अडकलेला असेल आणि आपण जोर केला, तर मोठं नुकसान होतं. चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मी आणि जाऊबाईंनी हळूहळू ढकलली. मागची चाकंच हलेनात. हँडब्रेक ओढलेला राहिल्याने ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटले होते. हँडब्रेक सोडून, लाकडी ठोकळा लावून ड्रमवर हळू हळू ठोकलं तेव्हा चाकं सुटली. पुन्हा ढकलली आणि इंजिन फिरलं. फुस्स फुस्स असा आवाज आला. तो ऐकून आत्याबाई बाहेर आल्या.

आता इंजिन चालतं कसं ते सांगते. चूल पेटायला काय लागतं? जळण, वारा आणि काडी. इंजिनालाही तेच लागतं. पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमध्ये मिसळतात, काडीचं काम प्लगची ठिणगी करते. एक गोष्ट मात्र जास्तीची, ती म्हणजे दाब. पिस्टनने ते मिश्रण दाबलं तरच भडका जोराचा होतो. गाडी चालू होत नसेल तर दोष यांपैकी कुठे तरी असतो. एकेक करून तपासायचं, सगळ्यांत एकदम हात घालायचा नाही.

तिसरं काम पेट्रोलचं. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते, वास व्हार्निशसारखा येतो. ते सगळं काढलं. टाकी सोडवून धुऊन घेतली, तेव्हा आतून तांबडा गंज निघाला. हे काम उघड्यावर करायचं. चूल, विडी, उदबत्ती काहीही जवळ नको, शेजारी वाळूची बादली हवी. रबराचे पाइप सगळे नवे घातले. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्या उसापासूनही ते करतात. जुनं रबर त्याने खराब होतं आणि पाइप गळू लागतो. नवे पाइप घेताना दुकानदाराला इथेनॉलला चालणारेच द्या म्हणून सांगायचं. कार्बोरेटर खोलला तेव्हा सुटे भाग मी मसाल्याच्या डब्यात ठेवले. ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने एकेका वाटीत. लावताना उलट क्रम. एकही स्क्रू उरला नाही.

चौथं काम ठिणगीचं. यात दुसरी चूक झाली. प्लगच्या चारही वायरी मी एकदम काढल्या आणि कुठली कुठे होती ते विसरले. या इंजिनात ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पडते. वायर चुकली की काडी भलत्याच वेळी पेटते. काकांनी येऊन क्रम लावून दिला. त्यानंतर मी प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि रंग वहीत लिहिले. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर काट चढला होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासला आणि फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवली. हे झाल्यावर निळी ठिणगी दिसली. ठिणगी बघताना वायर उघड्या हाताने धरू नका, झटका जबरदस्त असतो. पेट्रोल लांब ठेवा.

पाचवं काम ब्रेकचं. काकांचा नियम होता, "थांबवता येत नाही ती गाडी चालू करायची नाही." मला वाटलं होतं, आधी इंजिनाचा आवाज तर ऐकू. त्यांनी ऐकलं नाही. ब्रेकचं पेडल दाबलं तर थेट खाली गेलं. आतली रबरं कडक होऊन फाटली होती, तेल गळून गेलं होतं. हे काम मी केलं नाही. काकांनी केलं, मी हाताखाली राहिले. ज्यात जीव जातो ते काम जाणत्याकडूनच करून घ्यायचं, त्यात कमीपणा नाही. एक लक्षात ठेवा, जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं.

इंजिन ऑइल बदललं, रेडिएटर धुऊन भरला, नवी बॅटरी बसवली. मग गाडी ढकलून अंगणात घेतली. बंद शेडमध्ये इंजिन चालू करायचं नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो.

दसऱ्याच्या आधीची संध्याकाळ होती. आत्याबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली. चोक ओढला, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. एक खोकला आला. तिसऱ्या वेळी ती धरली. पांढरा धूर, घरघर, आणि मग सुरळीत आवाज. काका ओरडले, "ऑइलचा दिवा बघा!" तो दोन सेकंदांत विझला. विझला नसता तर लगेच बंद करावी लागली असती. आत्याबाई म्हणाल्या, "असाच आवाज करायची." तेवढंच.

पण काम तिथे संपलं नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. आमची मुदत संपलेली होती, म्हणून गाडी टेम्पोवर घालून आरटीओत नेली. पासिंग, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, सगळं झाल्यावरच ती रस्त्यावर आली. खर्चाचंही खरं सांगते. टायर, बॅटरी आणि ब्रेक यांतच निम्म्याहून जास्त पैसे गेले. टायर जुने असले आणि नक्षी शाबूत दिसली, तरी रबर तडकलेलं असतं, ते घालून पळवायचं नाही. नफ्यासाठी हे काम करू नका. आणि चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडाच गंजून गेला असेल, तर गाडी सोडून देण्यात शहाणपण आहे. ते आधी बघा, पैसे नंतर घाला.

मैत्रिणींनो, आपल्या गटाची शेवयांची मशीन, पिठाची गिरणी, फवारणीचा पंप बंद पडला की आपण म्हणतो, आपल्याला त्यातलं काय कळतं? मलाही कळत नव्हतं. बघायचं, लिहून ठेवायचं, एकेक तपासायचं, आणि अडलं की विचारायचं. इतकं केलं तरी निम्मं काम होतं.

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता आमच्या दाराची कडी वाजली. वरच्या आळीतली पोर होती, पहिलटकरीण. अ‍ॅम्ब्युलन्स यायला वेळ होता. मी किल्ली घेतली. आत्याबाई आधीच कंदील घेऊन शेडपाशी उभ्या होत्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.