वजन उतरवण्याचे पैसे किती दिवस द्यायचे?

वजन कमी करणाऱ्याला रोख पैसे द्यावेत, असे म्हटले की बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तब्येत ज्याची, फायदा ज्याचा, त्यालाच वर बक्षीस कशाला? पण तो फायदा हाती यायला दहा-वीस वर्षे लागतात, आणि जिभेवरचा मोह मात्र आजचा असतो. उद्याच्या फायद्यातला थोडा वाटा आजच हातात द्यावा, एवढाच या पैशामागचा विचार. २००८ साली फिलाडेल्फियात केविन व्होल्प आणि सहकाऱ्यांनी ५७ स्थूल व्यक्तींवर तो तपासला. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरवायचा. एका गटासाठी रोज सोडत होती. दुसऱ्या गटातले लोक स्वतःचेच पैसे अनामत ठेवत. वजन उतरले तर ते भर घालून परत मिळत, नाही तर बुडत. १६ आठवड्यांत या दोन्ही गटांचे वजन सरासरी ६ किलोंच्या आसपास उतरले, पैसे न मिळणाऱ्यांचे २ किलोही नाही. सातव्या महिन्यात मात्र गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

यावरून पैशाचा उपाय फसवा ठरवला जातो. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला, तर गोळी निकामी होती असे कोणी म्हणत नाही. वजन घटल्यावर शरीर ते परत मिळवण्याच्या मागे लागते: मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की भूक वाढवणारे हार्मोनचे बदल वर्षभरानंतरही कायम होते. पुन्हा चढलेल्या वजनाला आळस म्हणणे म्हणूनच अन्याय आहे, आणि खरे पैसे खर्चायचे ते वजन राखण्यावर. ब्रिटनमधल्या ‘गेम ऑफ स्टोन्स’ या प्रयोगात नेमके हेच केले. ५८५ पुरुषांपैकी एका गटाला सांगितले गेले की ४०० पौंड तुमच्या नावे ठेवले आहेत, लक्ष्य चुकले की त्यातून कापले जातील. त्यातले निम्मे, २०० पौंड, बाराव्या महिन्यात घटलेले वजन टिकवण्याशी बांधलेले होते. २०२४ मध्ये निकाल आले: वर्षाअखेर या गटाचे वजन सरासरी ४.८ टक्के घटले, फक्त मोबाइल संदेश मिळालेल्यांचे २.७ टक्के, आणि काहीच न मिळालेल्यांचे १.३ टक्के.

पैसे दिले की काम झाले, असे मात्र नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना वजन ५ टक्के उतरवल्यास ५५० डॉलर देऊ केले होते, कुणाला विम्याच्या हप्त्यात सूट म्हणून, कुणाला रोजच्या सोडतीतून. वर्षाअखेर कोणत्याच गटात लक्षणीय फरक दिसला नाही. पगाराच्या चिठ्ठीत विरून जाणारी सूट जाणवतच नाही, हे एक सयुक्तिक कारण. आपल्याकडच्या आरोग्यविमा कंपन्या नूतनीकरणाच्या वेळी सूट देतात, त्यांनी हा निकाल मनावर घ्यावा. २०२२ मध्ये झिरोधा या शेअर दलाली कंपनीने बीएमआय २५ च्या खाली असलेल्या कर्मचाऱ्यांना अर्ध्या महिन्याचा पगार बोनस जाहीर केला. हेतू चांगला, पण ज्याचा बीएमआय ३३ आहे त्याने सहा किलो उतरवूनही हाती काहीच लागत नाही, आणि आधीपासून सडपातळ असलेल्याला काही न करता पैसे मिळतात.

अधिक गंभीर आक्षेप गरिबांबद्दलचा आहे. पैशाची निकड असलेला माणूस वजनकाट्यावर उभे राहण्याआधी उपाशी राहील, शरीराचे हाल करील. ही भीती खरी आहे. २०१३ मध्ये दुबईने रमजानच्या महिन्यात किलोमागे एक ग्रॅम सोने देऊ केले होते. इतक्या थोड्या दिवसांत नुसता काटा पाहून इनाम दिले तर घाईलाच उत्तेजन मिळते. यावर उत्तर न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या अल्प उत्पन्न वस्त्यांमध्ये सापडले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात ६६८ जण होते. एका गटाला पैसे मिळाले ते वर्गाला येणे, आहाराची नोंद ठेवणे, व्यायाम करणे यांसाठी. दुसऱ्याला काट्यावर उतरलेल्या वजनासाठी. सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरवणारे पहिल्या गटात ४९ टक्के, दुसऱ्यात ३९ टक्के, आणि पैसे नसलेल्या गटात २२ टक्के निघाले. कृतीला पैसे दिले की थायरॉइडच्या त्रासामुळे वजन हटत नसलेल्या बाईचे कष्टही मोजले जातात.

आपल्याकडे जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातल्या बाळंतपणासाठी रोख मदत दिली, पण ती एकदाच करायच्या गोष्टीसाठी होती. वजन मात्र रोज राखावे लागते. त्यासाठी एखाद्या महापालिकेने किंवा मोठ्या कारखान्याने दोन वर्षांचा प्रयोग हाती घ्यावा: दरमहा थोडी रक्कम थेट खात्यात, मोबदला रोजच्या कृतींना, आणि एकूण पैशातला निम्मा वाटा दुसऱ्या वर्षासाठी राखून.