नळीमागच्या रेघा

नळीमागे धरलेल्या कार्डावर काळ्या रेघा असतात. द्रावणातून त्या दिसल्या की पुढचं नाव. दिसल्या नाहीत, नळी गढूळ झाली, की लॅबवाल्या ताई वहीत खूण करतात आणि समोरच्याला म्हणतात, "तुम्ही जरा बसा जी."

पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या जंगलाकडच्या एका गावात शाळेच्या व्हरांड्यात सिकलसेलची तपासणी चालली होती. मी गेले ती एका जुन्या सालामुळे. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. तेव्हापासून माहीत असलेला आजार इथल्या मुलींना अजूनही सोयरीक जुळताना कळतो, हे मनाला पटत नव्हतं.

बोट टोचायचं, थेंब द्रावणात सोडायचा, थोडं थांबायचं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. वास मात्र नाकातून जात नाही. सोडियम डायथायोनाइटची पावडर. नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीसारखी झोंबते. ती रक्तातला ऑक्सिजन काढून घेते. साधं हिमोग्लोबिन तरीही विरघळलेलंच राहतं. 'एस' हिमोग्लोबिन विरघळत नाही, आणि रेघा झाकल्या जातात. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की याच हिमोग्लोबिनचे ताठ धागे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि लेकरू हातपाय धरून रात्रभर रडतं. एवढ्या दुखण्याचं मूळ बीटा साखळीतल्या सहाव्या जागी आहे: ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात हा बदल शोधला.

नळी गढूळ झाली तरी माणूस वाहक, म्हणजे एएस, की आजारी, म्हणजे एसएस, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. त्या एका बदलानं हिमोग्लोबिनचा विद्युतभार बदलतो आणि 'एस'चा पट्टा 'ए'च्या मागे राहतो. वाहकाचे पट्टे दोन, ए आणि एस. आजाऱ्याला 'ए'चा पट्टाच नाही. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हाच फरक दाखवून सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं होतं.

भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भातलं 'एफ' हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं पुष्कळ काळ धरलं गेलं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या दीप्ती जैन, मुंबईच्या रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातली मुलं वर्षानुवर्षं तपासली. आजार इथं तीव्रही असतो हे त्यातून पुढे आलं. हायड्रॉक्सियुरियाच्या कमी मात्रेनं दुखण्याचे झटके कमी होतात, हेही जैन यांच्या कामातून दिसलं. गोळी आहे, तपासणी आहे. मग अडतं कुठं?

अडतं ते बाकावर. तिथं एक आई बसली होती. मुलीची नळी गढूळ निघालेली, लग्न जवळजवळ ठरलेलं.

"दोघंही वाहक निघाले त काय होते जी?"

ताईंनी चार बोटं धरली, एक मिटलं. "दर बाळंतपणाले चारात एक."

"म्हणजे तीन लेकरं बरी निघाली त चौथं..."

"नाही जी. पहिल्यालेही चारात एक, दुसऱ्यालेही चारात एक. मागचं काही जमा होत नाही. आन् पोरगा साधा निघाला, त एकही लेकरू आजारी नाही."

हे ताई न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगत होत्या. रांग खोळंबली, तरी. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचं लक्ष्य ७ कोटी तपासण्यांचं होतं. नळ्या मोजता येतात. बाकावर दिलेला वेळ कुठल्या आकड्यात धरणार? मला विचाराल तर खरी तपासणी तिथंच होते, आणि ती एका माणसाच्या धीरावर सोडलेली आहे. ताईंसारखी आणखी माणसं नेमली नाहीत, तर गढूळ नळीचा एकच अर्थ गावात पोहोचेल: पोरगी खोटी.

"पोराले इथंच आणलं त चालते का जी?" आईनं विचारलं.

"आणा नं. पण आधी पोरीले बोलवा इकडं," ताई म्हणाल्या. "चारात एक म्हणजे काय, ते तिलेच सांगतो."