दुर्बिणीस थंडी कां लागते?

वैशाखांत खामगांव-मलकापुराकडे सूर्यास्तानंतरही दगडी भिंतीजवळ उभें राहिलें, कीं अंगास धग लागते. भिंत अंधारांत उजळत नाहीं. तरी तिच्यांतून किरण निघत असतात. हेच अवरक्त किरण. डोळ्यांस ते दिसत नाहींत, त्वचेस मात्र जाणवतात.

दीर्घिका, म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचे समूह, कशा घडत गेल्या हें शोधणाऱ्यांस याच किरणांचा आधार घ्यावा लागतो. प्रकाशास प्रवासाला काळ लागतो. म्हणून जितकें दूर पाहावें, तितका जुना काळ दिसतो. परंतु विश्व प्रसरण पावत असल्यानें त्या प्रवासांत प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात, आणि मूळचा दृश्य प्रकाश येथें पोहोंचेपर्यंत अवरक्त होतो.

अडचण अशी, कीं प्रत्येक ऊबदार वस्तु असे किरण टाकते. हवा आणि खुद्द दुर्बिणीचा आरसा, दोन्हीं त्या भिंतीप्रमाणेंच धगधगतात. अशा स्थितींत दूरची दीर्घिका पाहणें म्हणजे भर दुपारीं काजवा शोधणें होय. शिवाय हवेंतील बाष्प पुष्कळसे किरण वाटेंतच गिळतें. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण हैदराबादेहून फुग्यानें वर पाठविली. परंतु फुग्यास कांहीं तासांनीं उतरावेंच लागतें.

२५ डिसेंबर २०२१ रोजीं सोडलेली 'जेम्स वेब' दुर्बीण याहून पुढें गेली. ती पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर आहे. तेथें सूर्य, पृथ्वी व चंद्र एकाच बाजूस राहतात. त्यामुळें एकाच छत्रीनें तिघांचीही उष्णता अडवितां येते. टेनिसच्या पटांगणाएवढी ही छत्री पांच पातळ पडद्यांची असून मधल्या पोकळींतून उष्णता बाजूनें निसटते. तिच्या सावलींत आरसा शून्याखालीं २०० अंशांहून अधिक थंड राहतो. साडेसहा मीटरांचा हा आरसा १८ तुकड्यांचा आहे. त्यांवर सोन्याचा मुलामा आहे, कारण सोनें हे किरण उत्तम परावर्तित करतें. आरसा व छत्री घडी घालूनच अग्निबाणांत बसविलीं होतीं. एक पडदा अडकता, तर दुरुस्तीस तेथें कोणी जाऊं शकलें नसतें.

हें साहस फळास आलें. इ. स. २०२५ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनीं या दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका शोधून तिला 'अलकनंदा' हें नांव दिलें. विश्वाचें वय अवघें दीड अब्ज वर्षें असतांनाच तिचे दोन सर्पिल बाहु रेखीव झाले होते. इतकी सुव्यवस्थित रचना होण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, असा समज होता. तो हिशेब आतां नव्यानें मांडावा लागणार आहे.