हळदीला मानांकन, धपाट्याला पाटीही नाही

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हिंगोली जिल्ह्याच्या गौरवाचे जे लेखन सर्वत्र चालले आहे, त्याला आमची हरकत नाही. परंतु ती हळद ज्याच्या पिठात पडून ज्वारीला सोनेरी कांती आणते, ते धपाटे औंढा नागनाथाच्या दर्शनाला आलेल्या परमुलखातील प्रवाशाला विकत मागूनही सहसा मिळत नाही, याची दखल कोणत्या दप्तरात घ्यावयाची?

जपानातील हिरोशिमा शहराने असल्याच एका पदार्थावर आपली कीर्ती उभारली आहे. युद्धापूर्वी पोरांच्या खाऊचा असलेला हा प्रकार १९४५च्या विध्वंसानंतर, अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या आधाराने, उपाशी नगराचे जेवण झाला. ओकोनोमियाकी हे त्याचे नाव. ओसाकात सारे जिन्नस पिठातच कालवतात. हिरोशिमात तापल्या लोखंडी पत्र्यावर पिठाचा पातळ थर, त्यावर कोबीचा ढीग, मांसाचे काप, शेवया आणि अंडे अशी चळत रचतात. गिऱ्हाईक पत्र्यासमोरच बसते आणि उलथन्यानेच तोडून खाते.

आमच्याकडील कौशल्य यापेक्षा कमी प्रतीचे आहे, असे मानण्यास आम्ही तयार नाही. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, तीळ, ओवा, हळद, लसूण-मिरचीचा ठेचा आणि कोथिंबीर घालून मळलेला गोळा ओल्या फडक्यावर पाण्याच्या बोटांनी थापावयाचा, मध्ये भोक पाडावयाचे, फडक्यासकट तव्यावर पालथा घालून फडके अलगद सोलून काढावयाचे आणि भोकात तेल सोडावयाचे. एवढ्या क्रियेत एखादी कडाही फाटू न देणारी बाई कोणत्याही नामांकित बल्लवाचार्याच्या पंक्तीस बसावी. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी असली म्हणजे आणखी काही मागू नये.

तरीही रस्त्यावरच्या हॉटेलात पोहे, भजी, इडली हीच यादी. एका मालकास कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “घरी रोजच खातात की लोक, इथं कोण इकत घेईल?” युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे, आणि धपाटे आजवर शिदोरीच्या फडक्यातच का राहिले, याचा उलगडाही त्यात आहे. मात्र हिरोशिमातील कित्येक दुकाने युद्धात नवरे गमावलेल्या स्त्रियांनी राहत्या घराच्या दर्शनी भागातच मांडली होती, आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक त्याच गल्लीतले शेजारी होते.