आराखड्यावरून विमान

कारखान्यात कामगाराच्या हाती ड्रॉइंग येते ते बहुधा एका तुकड्याचे. माप लागले की तुकडा पुढे गेला; तो यंत्रात कोठे बसतो हे त्याला कोणी सांगत नाही. आणि माप ड्रॉइंगातच चुकलेले असले, तरी 'माल बिघडविला' हा ठपका येतो त्याच्याच माथी. यासाठीच आम्ही तरुण कामगारांना एक छंद सुचवीत असतो : आराखड्यावरून उडते छोटे विमान बांधावयाचा. तयार तुकड्यांचा खोका आणून चिकटवीत बसण्याला आम्ही बांधणे म्हणत नाही. तेथे विचार दुसऱ्याने करून ठेवलेला असतो.

उदाहरणादाखल 'पस मॉथ' घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते याच जातीच्या विमानातून. पंखांची एकच जोडी, तीही छपराच्या उंचीवर. नवशिक्याला हे सोयीचे. मूळ पंखविस्तार ११.२ मीटर. चोविसावा हिस्सा धरला तर तो ४६.७ सेंटिमीटर होतो.

आराखड्यात दृश्ये तीन असतात : वरून, बाजूने, समोरून. पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात, ते फक्त समोरून कळते. वरच्या दृश्यात ती उचल दिसत नाही, उलट पंख खऱ्याहून थोडा आखूड भासतो. त्यावरूनच काडी कापणाऱ्याची काडी अपुरी पडते. तिन्ही दृश्ये एकदम मनात धरावयास जो शिकला, त्याला चुकलेले ड्रॉइंग साहेबापुढे ठेवून 'हे जुळत नाही' असे म्हणता येते.

बांधणी तशी सरळ आहे. आराखड्यावर मेणकागद पसरावा आणि बाल्साच्या काड्या टाचण्यांनी रोखून धडाची एक बाजू जुळवावी. तिच्यावरच दुसरी, म्हणजे दोन्ही हुबेहूब उतरतात. बाल्सा हे सागाच्या जेमतेम चौथाई वजनाचे लाकूड, मुख्यतः एक्वाडोरहून येणारे. पंखाच्या फासळ्या पत्र्याच्या एकाच फर्म्यावरून कापाव्यात. वर पातळ टिश्यू कागद चिकटवून पाण्याचा फवारा दिला की तो वाळताना ताणून बसतो. सांगाडा दुबळा असेल तर त्यालाही पिळवटतो.

खरी मौज हिशेबात आहे. लांबी २४ पटींनी घटली की पंखाचे क्षेत्रफळ ५७६ पटींनी घटते आणि वजन १३,८२४ पटींनी. भरलेल्या पस मॉथचे वजन सुमारे ९३० किलो. त्या मानाने प्रतिकृती ६७ ग्रॅमची. परंतु रबराच्या पिळावर संथ उडावयाचे तर ती पंचवीस-तीस ग्रॅमांतच बसविलेली बरी. शिवाय मूळ विमानात जड इंजिन नाकाशी असते, आपल्या विमानात रबर धडभर पसरलेले. तोल तर पंखाच्या रुंदीत, पुढच्या कडेपासून चौथाई ते तिहाई अंतरावर यावयास हवा. शेपटी त्या बिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर शेपटीतल्या एका ग्रॅमासाठी नाकात तीन ग्रॅम माती भरावी लागते. म्हणून शेपटीची लाकडे सर्वांत हलकी निवडावीत.

मूळ शेपटी लहान पडते म्हणून पुष्कळजण ती थोडी वाढवितात. शुद्धतेचे भक्त यावर रागावतात. आमचे मत वाढविणाऱ्यांच्या बाजूचे आहे, कारण हवा काही चोविसाव्या हिश्शाने लहान होत नाही. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोंस पेनो याने रबरावर उडविलेले विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, ते त्याने शेपटीचा कोन नीट साधला म्हणूनच. राइट बंधूंचे उड्डाण त्यानंतर ३२ वर्षांनी झाले.

पहिली चाचणी रबर न पिळता, उंच गवतावर, वारा पडलेला असताना घ्यावी. विमान हातातून हलकेच पुढे सोडावे. नाक वर करून ते थबकले आणि मग कोसळले, तर नाकात चिमूटभर माती वाढवावी. सरळ खाली गेले, तर काढावी.