प्रोटेक्टचा लाल दिवा

गाणं ऐन रंगात आलेलं असताना डिकीतला सबवूफर मुका होतो आणि गाडीमालक एका वाक्यात निकाल देऊन टाकतो : अँप उडाला. मुरलेला कारागीर मात्र स्क्रू-ड्रायव्हरला हात लावत नाही. तो मल्टिमीटर काढतो आणि गाडी सुरू करायला सांगतो.

मुळात अँप जन्माला आला तो बॅटरीच्या तोकडेपणातून. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात फार तर 14.4 व्होल्ट. तेवढ्यावर 4 ओहमच्या स्पीकरला ब्रिज जोडणीतूनही कागदोपत्री 26 वॅटच्या आसपास शुद्ध आवाज निघतो. (डेकवर ‘50 × 4’ छापणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.) म्हणून अँपच्या पोटात आधी एक छोटं वीजघर असतं. टीएल494 सारखी आयसी मॉस्फेटना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, टोरॉइड ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो आणि तेच 12 व्होल्ट अधिक-उणे तीसच्या घरात जातात. या चढणीची किंमत करंटमध्ये मोजावी लागते. 500 वॅट बाहेर काढणारा क्लास-एबी अँप जोरात वाजताना 60 अँपिअरपर्यंत ओढू शकतो.

अर्थिंगचा मुद्दा येतो तो इथेच. गंजलेल्या स्क्रूत किंवा रंगावरच कसलेल्या बोल्टखाली 0.05 ओहम जरी अडकला, तरी 60 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच गळतात. इंजिन बंद असताना मीटर 12.6 दाखवतं, सगळं आलबेल वाटतं. बास घुमला की अँप गुडघे टेकतो. म्हणून मोजायचं ते गाणं वाजत असताना, थेट अँपच्या टर्मिनलवर. रिमोटच्या वायरवर 12 व्होल्ट नसतील, तर अँप जागाच होणार नाही, दोष डेककडचा. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू आली, तर ती बहुतेकदा अल्टरनेटरची, अर्थिंगच्या वाटेने गाण्यात शिरलेली.

प्रोटेक्टचा लाल दिवा पेटला, तर स्पीकरच्या वायरी काढायच्या. दिवा विझला? मग चोर बाहेर आहे : दाराच्या बिजागरीत चेपलेली वायर, नाहीतर जळालेली व्हॉइस कॉइल.

सगळं सोडवूनही दिवा हटला नाही, तरच झाकण उघडायचं.

आत काळवंडलेला मॉस्फेट लगेच नजरेत भरतो आणि नवखा तिथेच फसतो. पुष्कळदा मॉस्फेट हा बळी असतो. पलीकडच्या चॅनेलचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो आणि त्याचा भार पेलताना पुरवठ्याकडचा मॉस्फेट जातो. फक्त मॉस्फेट बदलून सप्लाय दिला, की नवाही क्षणात धूर सोडतो. त्यावर जुना तोडगा म्हणजे सिरीज बल्ब. सप्लायच्या वाटेत हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब घातला, की साधारण साडेचार अँपिअरच्या वर करंट जात नाही. बल्ब भगभगून पेटला, तर शॉर्ट अजून आत आहे. क्षणभर उजळून मंदावला, तर पुढे जायला हरकत नाही.

सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण त्यात नकली ट्रान्झिस्टरही असतात. नंबर तोच, चिप मात्र चिमुकली. हे दुखणं इतकं जुनं, की कारागीर ओळखीचं दुकान सहसा सोडत नाहीत.

मग अभ्रकाचा पापुद्रा, थर्मल पेस्ट, 4 ओहमच्या रेझिस्टरवर तासभर चाचणी, आणि अँप डिकीत परत. फ्यूजच्या जागी कुणीतरी गुंडाळलेली तांब्याची तार तेव्हाच काढली जाते. सीटखालचा गंजका स्क्रू मात्र घाईत तसाच राहून जातो आणि पावसाळ्यात तीच गाडी पुन्हा दारात उभी राहते.